दोघांचे शिलेदार

अमेरिकेत, कॅरी गावात आमच्या शेजारी राहणाऱ्या गोऱ्या काकांचे खापरपणजोबा शेतकरी होते, आणि अमेरिकेच्या यादवी युद्धात दक्षिणेच्या घोडदळात लढले होते. बार्बेक्यू पेटवला की काका हे सांगणारच. त्या घोडदळात प्रत्येकाला घोडा घरूनच आणावा लागे, हे ऐकून पुण्याहून आलेले आमचे बाबा खुर्चीतून उठलेच. "म्हणजे शिलेदार! आमचे पूर्वजही स्वतःचाच घोडा घेऊन लढायला जायचे!"

बाबांची हयात बँकेत गेली. घोड्यावर बसले ते एकदाच, स्वतःच्या वरातीत, तेही डोळे गच्च मिटून. तरी मी मुकाट्याने सगळं इंग्रजीत सांगत राहिले. दोघांचे पूर्वज आमच्या घरामागच्या लाकडी डेकवर तासभर दौडले.

शेवटी मटार सोलता सोलता आईने विचारलं, "हे घोड्यावर, मग शेत कोण कसत होतं?"

मी काकांना विचारलं. ते चिमट्याने कोळसे हलवत राहिले. मग हळूच म्हणाले, "विकत घेतलेली माणसं."

मी आईला सांगितलं. ती बाबांकडे वळली. "आणि आपल्या शिलेदाराचं शेत हो?"

बाबा खाली बसले. म्हणाले, "जरा चहा टाक."