वायरकाकूंची दुसरी तार

रक्तपेढीत त्यांना सगळे वायरकाकू म्हणत. पाठीमागे नव्हे, अगदी तोंडावर. लागल्या तेव्हा त्या टायपिस्ट होत्या. पुढे टाइपरायटर गेले, संगणक आले, आणि ते शिकवायला आलेला माणूस दोन दिवसांत वैतागून निघून गेला. "एवढं काय त्यात," म्हणत काकूंनी बाह्या सरसावल्या, त्या आजतागायत खाली केल्या नाहीत. कुठली तार कुठून निघते, भिंतीतून कुठे शिरते आणि कुठे डोकं वर काढते, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता यायचं.

स्वभाव मात्र दुहेरी टाक्याचा. किल्ल्या दोन, चष्मे दोन, एक छत्री पर्समध्ये तर दुसरी टेबलाखाली. नणंद म्हणायची, "वहिनीकडे कुलपालासुद्धा कुलूप असतं." नवऱ्याने तर एकदा पाहुण्यांदेखत सांगितलं, "माझ्यामागेही हिने एक तयार ठेवला असेल, विचारून बघा."

"ठेवला असता," काकू चहा गाळता गाळता म्हणाल्या, "पण एवढं घोरणारा दुसरा मिळाला नाही."

तर अशा बाईच्या हाती रक्तपेढीचा सर्व्हर होता. कुठली पिशवी कुठल्या रक्तगटाची, कुणासाठी राखलेली, सगळा हिशेब त्याच्या पोटात. खिडकीवर बसणारी मुलगी, जिला सगळे खिडकीताई म्हणत, ती पिशवीवरची चिठ्ठी आणि पेशंटचा कागद यंत्राला दाखवायची. सर्व्हरने दोन्हींचा मेळ बसल्याचं सांगितलं की पावती निघायची आणि मगच पिशवी खिडकीबाहेर जायची. मागे एकदा सर्व्हरचं नेटवर्क कार्ड जळलं होतं. सर्व्हर ठणठणीत, पण बाहेरच्या जगाशी बोलणं बंद. तोंड शिवल्यासारखा नुसता गुरगुरत बसला. त्यानंतर काकूंनी साहेबलोकांच्या मागे लागून त्यात दोन कार्डं बसवून घेतली. दोन कार्डांना दोन तारा, आणि त्या भिंतीपलीकडच्या खोलीत दोन वेगवेगळ्या डब्यांत गेलेल्या. तारा वाटून देणाऱ्या या डब्यांना ही मंडळी स्विच म्हणतात. एक कार्ड गेलं, एक तार तुटली, एक डबा मेला, तरी दुसरी बाजू काम पुढे नेणार. सर्व्हरच्या लेखी ही दोन कार्डं म्हणजे एकच जोडी. पडद्यावर एक हिरवा ठिपका आणि शेजारी दोनच शब्द : जोडी चालू.

पूर्वी काकू अधूनमधून सर्व्हरच्या मागे वाकून दोन्ही कार्डांचे दिवे बघायच्या. हा ठिपका आल्यापासून वाकणं सुटलं. गुडघ्यांनीही त्याला दुजोरा दिला.

त्या दिवशी रक्तपेढीच्या नव्या प्रमुख डॉक्टरीणबाई सर्व्हरच्या खोलीत आल्या. तपासणी अहवालांच्या दुसऱ्या सर्व्हरलाही अशीच जोडी बसवायची, म्हणून काकूंनी नवं कार्ड मागवलं होतं, आणि बाईंना त्यावर सही करायची होती.

"काकू, एक चालतंय ना? मग दुसरं कशाला?"

"पहिलं बंद पडल्यावर कळतं, दुसरं कशाला ते."

"पण खरंच काम पुढे जातं? की नुसतं म्हणायचं?"

हे काकूंना लागलं. "म्हणायचं? हे बघा मॅडम," असं म्हणत त्यांनी सर्व्हरमागे हात घातला आणि हाताला लागली ती तार खसकन ओढली. "आता खिडकीवर कुणाला पत्तासुद्धा..."

"काकू!" बाहेरून खिडकीताई ओरडली. "सगळं गेलं! पडदा लाल झाला!"

काकूंच्या हातात तार तशीच राहिली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं. हिरवा ठिपका नव्हता. जिथे वर्षानुवर्षं हिरवा दिसायचा तिथे लाल दिसल्यावर आपण भलत्याच खोलीत आलोय असं त्यांना वाटलं. असं होऊच शकत नव्हतं. दोन आहेत ना. आपणच बसवलीत.

"काकू, बाळंतिणीची पिशवी आहे!" खिडकीताईचा आवाज चिरकला. "आत रक्त थांबत नाहीये तिचं. तिचा भाऊ बर्फाचा खोका घेऊन उभा आहे इथे!"

डॉक्टरीणबाई एका क्षणात बदलल्या. "वहीवरून ताडायला घे, दोघी मिळून करू. मी येतेच." मग काकूंना म्हणाल्या, "हाताने करायला वेळ लागेल. हे किती लवकर चालू होईल?"

काकूंनी तार पुन्हा भोकात घातली. दिवा लागला, आणि विझला. पुन्हा दाबली. लागला, हात सोडताच विझला. तारेच्या टोकाला प्लास्टिकचा एवढासा खटका असतो, तोच तिला जागेवर धरून ठेवतो. काकूंनी रागाच्या भरात तो न दाबताच तार ओढली होती. खटका मोडून जमिनीवर पडला होता, नखाएवढा.

नवं टोक बसवायचं तर तार काढावी लागणार, आणि काढली की सगळं बंद.

काकूंनी अंगठा टेकवला आणि तार दाबून धरली. दिवा लागला. राहिला.

"आलं!" बाहेरून आवाज. "आलं काकू! हात लावू नका आता!"

"हात लावूनच उभी आहे गं बाई," काकू पुटपुटल्या.

पिशवी यंत्राखाली गेली. बीप झालं. काकूंनी श्वास सोडला, त्यासरशी मनगट किंचित हललं, आणि दिवा पुन्हा गेला. बाहेर खिडकीताईने काहीतरी आपटलं. काकूंनी दुसरा हातही मागे घातला आणि गाल सर्व्हरच्या गरम पत्र्याला लावून दोन्ही अंगठ्यांनी तार दाबली. सगळं पहिल्यापासून. चिठ्ठी, कागद, मेळ. पावतीयंत्राची किरकिर ऐकू आली तेव्हा त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं.

खिडकीबाहेर पावलं धावत गेली.

आता कुठे काकूंनी मान वाकडी करून मागे पाहिलं. अंगठ्याखालच्या कार्डाचा दिवा लुकलुकत होता. शेजारच्या कार्डात तार होती, नीट बसलेली, त्यांच्याच हाताने गाठ मारलेली. पण दिवा नव्हता. अंधार. मेलेल्या माणसाच्या डोळ्यासारखा.

"मॅडम," त्या म्हणाल्या, "दुसरी बंद आहे."

"आत्ता पडली?"

"नाही. माहीत नाही. कधीचीच असेल." बोलता बोलता त्यांना स्वतःच्याच शब्दांची भीती वाटली. "दोघींपैकी एक जिवंत असली तरी पडदा 'जोडी चालू'च म्हणतो. दोघी आहेत का, ते तो सांगतच नाही. आणि मी... मला सोडता येत नाही इथून. पलीकडच्या खोलीत बघता का?"

डॉक्टरीणबाई गेल्या. भिंतीपलीकडे कपाट सरकवल्याचा आवाज आला, मग कुणीतरी गुडघ्यांवर बसल्याचा, मग एक शिंक.

"काकू!" भिंतीतून आवाज आला. "एक तार कागदात गुंडाळून ठेवलीये! वर प्लास्टिक, त्यावर चिकटपट्टी. अगदी नीट. रंगाचे डाग आहेत वरून."

काकूंना रंगारी आठवला. पावसाळ्याआधी त्या खोलीला रंग दिला होता. सज्जन माणूस. जाताना फरशीसुद्धा पुसून गेला. त्याने डब्यातून तार काढली असणार, टोकात रंग जाऊ नये म्हणून बाळाच्या झबल्यासारखी गुंडाळली असणार, आणि कपाट जागेवर सरकवून निघून गेला असणार. त्याला रागवायचं तरी कशासाठी? त्याने जेवढी काळजी घेतली, तेवढी आपण घेतली का? तेव्हापासून आजपर्यंत किती पिशव्या गेल्या खिडकीतून. अपघातातले, बाळंतिणी, ती लहान मुलं जी दर महिन्याला येतात. सगळे एकाच तारेवरून चालत गेले आणि आपण खाली जाळी आहे म्हणून सांगत सुटलो.

"कुठल्या भोकात घालू?" भिंतीपलीकडून.

"दुसरा डबा. पिवळी पट्टी लावलेलं भोक. टक् आवाज आला पाहिजे."

टक् झालं. काकूंच्या नाकासमोर, इतके दिवस मेलेल्या त्या कार्डावर, बारीक हिरवा दिवा लागला.

डॉक्टरीणबाई परत आल्या तेव्हा केसांत जळमटं होती. "झालं ना? सोडा आता."

काकूंनी पडद्याकडे पाहिलं. जोडी चालू. तेच दोन शब्द. सकाळीही तेच होते.

"नाही सुटत," त्या म्हणाल्या.

"दिवा लागलाय ना दोन्हींचा?"

"दिव्यावर मी आता विश्वास कसा ठेवू मॅडम?"

तेवढ्यात बाहेर पावलं आली. तोच भाऊ. आणखी एक पिशवी लागणार होती. डॉक्टरीणबाईंनी काही न बोलता काकूंच्या मनगटाखाली आपला हात टेकवला, आधारासारखा. दोघी बायका एका यंत्राच्या पाठीशी वाकून उभ्या, आणि बाहेर किरकिर होऊन पिशवी गेली. खिडकीताई भावाला म्हणत होती, "काही नाही हो, जरा तार हलली होती. पळा तुम्ही." काकूंना ते 'जरा' कानात गरम तेल पडल्यासारखं वाटलं.

बराच वेळ फोन वाजला नाही. मग वाजला. डॉक्टरीणबाई जाऊन बोलून आल्या.

"थांबलं रक्त. पोरगी शुद्धीवर आहे. मुलगा झालाय, चांगला रडतोय म्हणे."

काकूंचा अंगठा पांढरा पडला होता.

"खिडकीवर आत्ता कुणी नाहीये," डॉक्टरीणबाई हलकेच म्हणाल्या. "वहीही उघडून ठेवलीये. कधीतरी सोडावंच लागेल ना काकू. नाहीतर घरी जेवायला तारेसकट जाल."

काकूंना हसू आलं नाही, पण मान हलली. "तुम्ही तिला काहीतरी करायला सांगा. यंत्रावर. थांबू नको म्हणावं."

"खिडकीताई, कालच्या पावत्या काढत बस," बाईंनी आवाज दिला. "थांबू नकोस."

बाहेर किरकिर सुरू झाली. काकूंनी डोळे मिटले आणि अंगठा उचलला. मोडक्या टोकाची तार हळूच सरकून खाली लोंबली.

एक पावती. दुसरी. तिसरी.

"अजून किती काढू?" खिडकीताईने विचारलं. तिला काही कळलंच नव्हतं.

काकू जमिनीवर बसल्या, तिथेच, तारांच्या गुंत्यात. बाईंनी नव्या कार्डाचा सहीचा कागद पुढे केला तर त्यांनी हात हलवून थांबवलं. "आज नको," त्या म्हणाल्या. "आधी या पडद्याला दोघींची नावं वेगवेगळी लिहायला शिकवते. तोवर मीच वाकून बघेन."

आणि बाहेर खिडकीताई पावत्या काढतच राहिली, कारण थांब म्हणायचं कुणाच्या लक्षात आलं नाही.