राखणदारणीचा होकार

हेटी चित्र काढायला बसली की अ‍ॅग्नेस तिच्या डाव्या हाताला बसायची. पंचवीस वर्षं हेच. ओसरीवर कॅनव्हास पसरायचा, त्याच्यावरची कुत्री हाकलायची, चहाचा डबा निखाऱ्यावर ठेवायचा. हेटी पाणवठ्यांची वर्तुळं काढायची, ही भूमी घडवणारी आदिमाता ज्या वाटेने गेली तिथली पावलं काढायची आणि हात थांबवून अ‍ॅग्नेसकडे बघायची. अ‍ॅग्नेसने हनुवटी हलवली की पुढची रेघ. मधल्या मोकळ्या जागेत ठिपके भरायचं काम अ‍ॅग्नेसचं.

अ‍ॅग्नेस तिची आतेबहीण. युलकारीचा झिरा, त्याच्या पूर्वेची टेकडी, रानकंदांची लाल वाळू, हे सगळं हेटीला बापाकडून आलेलं, ती मालकीण. अ‍ॅग्नेसला तेच आईकडून आलेलं, ती राखणदारीण. मालकिणीने आपल्या भूमीची गोष्ट रंगवायची, पण ती बरोबर आहे हे राखणदारणीने सांगायचं. आपल्याच भूमीबद्दल आपणच तोंड उघडणारी मालकीण म्हणजे चोर. अंगावरचं दूध तुटायच्या आधीपासून हेटीला हे ठाऊक होतं.

ती सहा वर्षांची असताना सरकारी ट्रक आला आणि सगळ्यांना सरकारने वसवलेल्या वस्तीवर घेऊन गेला. युलकारीवर गोऱ्यांची गुरं चरू लागली. बापाने खांद्यावर बसवून दाखवलेल्या वाटा हेटी पुढे कॅनव्हासवरच चालली. चित्रं शहरातल्या दुकानात गेली, तिथून परदेशात. चित्राच्या मागे नाव एकच असायचं, हेटीचं.

"माझे ठिपके काय आभाळातून पडले?" अ‍ॅग्नेस एकदा म्हणाली होती.

"ठिपके काय, कोणीही भरेल," हेटी म्हणाली. "तुझी कुत्रीसुद्धा भरेल, शेपटीने."

अ‍ॅग्नेसही हसली होती. निदान हेटीला तसं वाटलं.

हेटी साठीला आली तेव्हा युलकारी परत मिळवायचा दावा कोर्टात उभा राहिला. न्यायाधीश स्वतः तिथे येऊन, झाडाखाली बसून ऐकणार होते. हेटीने पुरावा म्हणून खोलीएवढा कॅनव्हास रंगवला. सुनावणीला तीन आठवडे उरले असताना अ‍ॅग्नेसचा नवरा गेला. अ‍ॅग्नेस विधवांच्या तळावर राहायला गेली आणि रीतीप्रमाणे तिचं बोलणं बंद झालं. थोरल्या बायका विधी करून तिचं तोंड उघडतील तोवर, वर्षभर किंवा दोन वर्षं. तोवर जे सांगायचं ते हातांनी.

दाव्याची वकील रोवेना शहरातली गोरी पोर. वस्तीने तिला नात्यात घेताना हेटीची भाची ठरवलं होतं.

"आत्या, मग तुम्हीच सांगा ना. तुमचीच तर भूमी."

"माझी आहे म्हणूनच मला सांगता येत नाही, पोरी."

"अ‍ॅग्नेसचा भाऊ आहे की. लिंडसे."

"लिंडसे शहरात वाढला. त्याला फुटबॉलच्या मैदानाची वाट येते, झिऱ्याची नाही."

हेटी तळावर गेली. अ‍ॅग्नेसने केस कापले होते, अंगाला पांढरी माती फासली होती. हेटी समोर बसली. "न्यायाधीशांना तुझे हात चालतील. मी विचारून आलेय. शेजारी दुभाषी बसेल."

अ‍ॅग्नेसने हातांनी विचारलं, पुरुष असतील ना?

"लांब बसवू. मध्ये ताडपत्री बांधू. तुझ्या आईने विधवा असताना तिच्या आईकडच्या भूमीचं हातांनी सांगितलं नव्हतं, आपण लहान होतो तेव्हा?"

अ‍ॅग्नेसने एका बोटाने वाळूत ठिपके मारले, एक, दोन, पाच, दहा. दुसरा हात मागे नेऊन शेपटीसारखा हलवला. मग हेटीच्या तोंडाकडे बोट केलं. तू सांग.

"थट्टा होती गं ती."

अ‍ॅग्नेसने पाठ फिरवली.

सुनावणीला हेटी कॅनव्हासच्या कडेला बसली. न्यायाधीश माणूस भला होता. वाकून, काठीने दाखवत त्यांनी विचारलं, "हे मधलं ठिकाण कोणतं?"

हेटीने सवयीने डावीकडे पाहिलं. "ती सांगेल."

"ती कोण?"

"ती आलेली नाही."

गुरंवाल्यांचा वकील उठला. "म्हणजे बाईंना स्वतःला माहीत नाही."

"आत्या," रोवेना मागून कुजबुजली, "एकच शब्द बोला. नाव तरी सांगा."

नाव हेटीच्या जिभेवर होतं. झिऱ्याचं, टेकडीचं, आदिमातेने काठवट खाली ठेवली त्या खडकाचं. समोर वस्तीचे सगळे म्हातारे बसले होते, आणि ती काय करते ते बघत होते. आता बोलले तर जमिनीचा कागद मिळेल, पण यांच्यापैकी एकजणही ती भूमी माझी मानणार नाही.

"चित्र बरोबर आहे की नाही, ते मला म्हणता येत नाही," ती म्हणाली. दुभाष्याने ते जसंच्या तसं सांगितलं आणि ते लिहून घेतलं गेलं.

सव्वा वर्षाने निकाल आला. शेजारच्या घराण्यांच्या जमिनी मान्य झाल्या. युलकारी वगळली होती, दावेदारांना स्वतःलाच खात्री नाही म्हणून.

त्यानंतर चार महिन्यांनी थोरल्या बायकांनी अ‍ॅग्नेसचं तोंड उघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती ओसरीवर येऊन बसली. आवाज खरखरीत झाला होता. काही न विचारता तिने युलकारीची गोष्ट सुरू केली, पश्चिमेच्या वाळूपासून टेकडीपर्यंत, एकही पाणवठा न गाळता. हेटी चूक सापडते का ते बघत ऐकत होती. सापडली नाही.

"तळावर रोज म्हणत होते मनात," अ‍ॅग्नेस म्हणाली. "विसरू नये म्हणून."

"मग हातांनी सांगायचं होतंस."

"तुला तोंड होतं की."

"मला तोंड नव्हतं. तुला ते माहीत होतं."

अ‍ॅग्नेसने चहाचा घोट घेतला. "होतं माहीत."

तिच्या हातातला कप हिसकावून तिला हाकलून द्यावं असं हेटीला वाटलं. दारात हेटीच्या भावाची मुलगी शार्लीन मोबाइल बघत उभी होती. बापाकडून युलकारी आता तिच्याकडे जायची, जेवढी उरली होती तेवढी.

"ठेव तो फोन," हेटी म्हणाली. "इथे बस. ही सांगतेय ते ऐक, पाठ कर."

"तू नाही सांगणार, आत्या?"

"मी सांगून चालत नाही."

ती शार्लीनला आपल्या जागेवर बसवून उठली आणि परसातल्या नळावर जाऊन, वाळून कडक झालेले कुंचले धूत बसली. अ‍ॅग्नेसचा आवाज तिथपर्यंत येत होता. तिने नळ आणखी सोडला.