मुठी मोजल्या, पाती राहिली

शाळेच्या सुतारकामाच्या वर्गात बारा पटाश्या होत्या. तास संपला की मास्तर फळीच्या भोकांत खोचलेल्या पटाश्यांच्या मुठी मोजायचे आणि मगच दार उघडायचे. तीस वर्षांचा नेम. पोरं मागून त्यांना 'करवत' म्हणायची, आणि त्यांना ते आवडायचं.

त्या दिवशीही मुठी बारा भरल्या. पण एका मुठीखाली पातं नव्हतं. नववीतल्या एकाने पटाशी लांबवून तिच्या जागी तुटका दांडा खोचला होता. मास्तरांनी मुठी मोजल्या, उपसून पाहिल्या नाहीत.

पुढचा तास गणिताचा. बाईंना नोकरीला लागून चार महिने झाले होते. त्या फळ्यावर लिहीत असताना मागे बाक कोसळला. वळून पाहतात तर एक पोरगा दुसऱ्याच्या छातीवर बसलेला. खालच्याचं नाक फुटलेलं, दात रक्ताने माखलेले, आणि वरच्याच्या हातात पटाशी. ती खाली येणार तोच बाईंनी झेप घेऊन उघड्या हाताने पातं धरलं. त्याने हिसका दिला. तळहात उसवला. बाईंनी सोडलं नाही. त्याने दुसऱ्या हाताने त्यांच्या तोंडावर ठोसा हाणला. तरी नाही. शेवटी पटाशी त्याच्या मुठीतून निसटून बाईंच्या हातात आली.

मास्तर धावत आले आणि त्यांनी पातं ओळखलं. सकाळी त्यांनीच त्याला धार लावली होती.

एक पोरगा दवाखान्यात गेला, दुसरा बापाबरोबर चौकीत. बाईंना नऊ टाके पडले. शाळा सुटल्यावर त्या परत आल्या, तेव्हा मास्तर गुडघ्यांवर बसून वर्गातली फरशी घासत होते. शिपायाला त्यांनी हात लावू दिला नव्हता.

"मास्तर, एक अर्ज लिहून द्याल? माझा हात चालत नाही."

"कसला?"

"नोकरी सोडण्याचा."

"मग आधी माझा लिहावा लागेल. चूक माझी. हेडमास्तरांना तसं सांगून आलोय."

"तुमची चूक निस्तरता येईल हो. पातं माझ्या हातात आलं ना, तेव्हा ते त्याच्याच अंगात खुपसावंसं वाटलं मला. पोरगं आहे ते! मी कसली शिक्षिका?"

मास्तरांनी ब्रश बादलीत टाकला.

"पहिल्या वर्षी मी एकाच्या कानाखाली जाळ काढला. गुन्हा काय, तर रंधा आडवा मारला. कानाचा पडदा फाटला. लोक म्हणाले, मास्तर कडक आहेत. मी घरी जाऊन पोटभर जेवलो. तो अजून भेटतो, बोलताना दुसरा कान पुढे करतो. तुम्हाला वाटलं, तसं मलाही वाटलं होतं. माझा हात सुटला, तुमचा नाही सुटला. धंदा एवढाच आहे आपला, बाकीचं पुस्तकात असतं."

"आणि उद्या परत वाटलं तर?"

"वाटणारच. परत आवरायचं. त्या कामाला सुट्टी नाही."

"म्हणजे अर्ज लिहून देत नाही."

"देतो की. पण उद्या पहिला तास याच वर्गावर आहे. चाळीस पोरं घाबरून बसलेली असतील. तेवढा तास घ्या, मग सांगाल ते लिहितो. तयारी झालीय?"

"या हाताने?"

"दुसरा काय शोभेला आहे?"

बाईंनी डाव्या हातात खडू धरला. फळा किंचाळला. दोन ओळी झाल्या. कोंबडी चालून गेल्यासारख्या.

"येतंय का वाचता?"

"पहिली येते. दुसरी पुसा."

बाईंनी सुजलेल्या ओठांतून एक शिवी हासडली, ओळ पुसली आणि पुन्हा लिहायला घेतली. मास्तर फरशीच्या सांध्यांकडे वळले. तिथलं रक्त अजून निघालं नव्हतं.