लोकेंद्रचा अंगठा आणि मंडईतली पूड

लोकेंद्र रहांगडाले ठणठणीत झाला, आणि तिथूनच त्याच्या बायकोला, योगेश्वरीला, संशय यायला लागला.

फुलचूरच्या त्या गल्लीत लोकेंद्रचा मान मोठा. बाप जन्मभर धानाच्या बांधीत राबला आणि पोरगा बिरसीच्या धावपट्टीवर लोकांना विमान चालवायला शिकवतो. त्याच्या उजव्या पायाचा अंगठा मात्र घरच्यांनाच ठाऊक. गाऊट. रक्तातलं युरिक ॲसिड वाढलं की अंगठा टमाटरासारखा लाल व्हायचा, चादर घासली तरी हा माणूस कळवळायचा. गोंदियाच्या डॉक्टर मॅडमनी रोजची गोळी सुरू केली आणि बजावलं, "ही दुखणं थांबवायची गोळी नाही. दुखो न दुखो, वर्षानुवर्षं घ्यायची."

गोळीनं अंगठा निवला. पण वैमानिकाला ठरलेल्या मुदतीत वैद्यकीय तपासणी द्यावी लागते, आणि ते सर्टिफिकेट अडलं की विमान चालवणं बंद. नवी तपासणी जवळ आलेली. मॅडम म्हणत, "आजार ताब्यात आहे, गोळी सोसते आहे, तर कागद सरळ पुढे ठेवा. सहसा अडत नाही."

लोकेंद्रला हे काही पटेना. "एकदा नावापुढं रोजची गोळी लागली ना, की ते माणसाकडं पाहतच नाहीत, गोळीकडंच पाहतात."

अशात दिवाळीनंतरची मंडई, म्हणजे गावोगावची जत्रा, आली. लोकेंद्रची आई शांतीबाई सौंदडला, माहेरच्या मंडईला जाऊन आल्या. घरीही पाहुणे झाले. लोकेंद्रनं दोनदा मटण ओढलं, आणि अंगठा हूं की चूं नाही! पूर्वी दुसऱ्याच दिवशी भिंत धरून चालला असता. आता सकाळी शीळ घालत बूट चढवतो. भूक अशी की भाताचं पातेलं खरवडून घेतो. गाल गुबगुबीत झाले, अंगठी बोटातून निघेना.

योगेश्वरीनं आधी शर्टाचा वास घेतला. दारू नव्हती. मग कपाट उघडलं. गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी, वर धूळ.

"गोळी घेता ना जी?"

"घेतो ना."

"कोणती?"

लोकेंद्रनं पेपर वर धरला.

"माह्या पोराचं खाणंपिणं मोजून राहिली का वो?" शांतीबाई आतून म्हणाल्या. "बरा झाला तं तुले काऊन दुखून राहिलं?"

त्या दिवसापासून योगेश्वरी सकाळी स्वयंपाकघरातून हललीच नाही. शेवटी शांतीबाईंना तिच्या डोळ्यांदेखतच ताकात तपकिरी पूड कालवावी लागली. लोकेंद्रनं नाक दाबून पेला रिकामा केला.

"काय आहे हे?" योगेश्वरीनं विचारलं.

"मंडईतल्या वैदूनं देल्ली. मुळीची पूड. कायले घाबरतेस?"

"आणि हे बघ," लोकेंद्र घाईनं म्हणाला, "तपासणीत विचारतात, औषध कोणतं घेता? हे औषध नाहीच, जडीबुटी आहे. गोळी बंद आहे. म्हणजे 'काही घेत नाही' म्हटलं तरी खोटं होत नाही."

योगेश्वरी त्याच्याकडं पाहतच राहिली. हा माणूस उडायच्या आधी विमानाचा खिळा न् खिळा तपासतो म्हणे!

"पेट्रोलमध्ये कोणी अशी पूड टाकली असती, तर उडाला असता का जी तुम्ही?"

दुपारी ती त्याला आणि पुडीच्या पुडक्याला घेऊन मॅडमकडं गेली. रक्तदाब चढलेला, साखर वाढलेली. मॅडमनी पूड हुंगली, त्याच्या गालांकडं पाहिलं. "यात काय आहे ते तपासल्याशिवाय सांगता येणार नाही. पण मला स्टिरॉईडची शंका आहे. त्यानं दुखणं दबतं, पण गाल फुगतात, साखर चढते. एकदम बंद करू नका, त्यानंही त्रास होतो. मी सांगते तसं हळूहळू उतरवू. आणि सध्या विमान नाही."

बाहेर येताच लोकेंद्र हळूच म्हणाला, "आमच्या त्या दुसऱ्या शिक्षकाला, हिमांशूला, नको कळायला. माझ्या जागेवर डोळा आहे त्याचा. रोज विचारतो, सर, पैर कैसा है? पूड सोडतो, साखर उतरेल, मग गुपचूप तपासणी देतो."

"आणि तोवर उडाल?"

"दोन-चार चकरा."

"शेजारी शिकायला आलेली कोणाची तरी पोरगी बसलेली असेल. वर गेल्यावर तुम्हाला गरगरलं तर तिनं काय करायचं? मंडईतला वैदू शोधायचा?"

गाडीच्या दाराशीच थांबून लोकेंद्रनं थेट हिमांशूला फोन लावला. "उद्यापासून माझं उडणं बंद ठेव. तब्येत ठीक नाही."

"पैर है ना सर?" तिकडून आवाज आला. "हम तो कब से देख रहे थे. पिछले साल पेडल दबाते थे तो आपका मुंह ऐसा बनता था, जैसे मिर्च चबा ली. आप बताते नहीं थे, तो पूछते थे रोज."

पुढचे काही महिने लोकेंद्रनं जमिनीवरच शिकवलं, फळ्यावर हवामान आणि नकाशे. पूड उतरताना अंगठा पुन्हा पेटला, रोजची गोळी पुन्हा सुरू झाली. तपासणीला गेला तेव्हा त्यानं पुडीसकट सगळं सांगितलं. तिथल्या डॉक्टरांनी खोदून खोदून विचारलं, रक्त पुन्हा तपासायला लावलं, एकदा परत धाडलं. दुसऱ्या खेपेला सर्टिफिकेट मिळालं, गोळी चालू ठेवायच्या अटीवर.

शांतीबाईंनी गोळी उजेडात धरून पाहिली. "हिच्यात काय हाय, तुले तरी का मालूम?"

"नाव मालूम आहे माय, कोणी बनवली ते पाकिटावर आहे. वैदूचं नाव काय होतं?" लोकेंद्र म्हणाला.

शांतीबाईंनी तोंड वाकडं केलं आणि गोळी मुलाच्या हातावर ठेवली. त्यानं पाण्यासोबत गिळली. योगेश्वरी उठायला लागली, तर म्हातारीनं तिचा हात धरून खाली बसवलं.

"थांब वो. मागं घेतो म्हणत होता न् कपाटात ठेवत होता." मग लेकाकडं वळून म्हणाल्या, "आ कर. जीभ वर कर, पाहू दे."