थोरलीचे कागद

नवऱ्याचं तेरावं झालं आणि मी पलंगाखालच्या पिशव्या ओढून काढल्या. आमच्या घरात कागद साडीच्या दुकानाच्या पिशव्यांत राहतात. त्याने सगळं जपून ठेवलं होतं. भंगारात गेलेल्या फ्रिजची गॅरंटी, जुनी लाइटबिलं, कारखान्याच्या पगाराच्या चिठ्ठ्या. मी चौथीपर्यंत शिकलेय, वाचता येतं. एकेक वाचून ढीग लावले. घराचा, बँकेचा, पेन्शनचा, धाकट्या मुलीचा. थोरलीचा ढीग झालाच नाही. तिच्या नावाचा चिटोराही निघाला नाही.

थोरली पन्नाशीला आलीय. लहानपणी तापात झटके आले. अंग वाढलं, बुद्धी तिथंच राहिली. तिला न्हाऊ घालावं लागतं, जेवताना जवळ बसावं लागतं. जन्म माझ्या माहेरी, बदलापूरजवळच्या गावात, सुईणीच्या हातचा. नोंद कुणी केली नाही. शाळेत घातली नाही. रेशनकार्डावर तेवढं नाव होतं, ते धाकटीच्या लग्नाच्या वेळी गेलं.

तेव्हा मुलगी बघायला आलेले पाहुणे गोड बोलून रेशनकार्ड मागायचे. घरात माणसं किती, ते त्यावरून कळायचं. वेडी बहीण आहे म्हटलं की सोयरीक मोडायची. म्हणून नवऱ्याने थोरलीचं लग्न झालं असं लिहून दिलं आणि तिचं नाव कमी करून आणलं. लग्न झालेल्या मुलीचं नाव काढतातच, कुणी काही विचारलं नाही. पाहुण्यांना सांगितलं, ही लांबच्या नात्यातली, कुणी नाही तिला. धाकटीचं लग्न पार पडलं. थोरली मात्र कागदावर नांदायला गेली ती परत आलीच नाही. पुढे आधार कार्डं निघाली तेव्हाही तो तिला घेऊन गेला नाही. म्हणाला, ती कुठं बँकेत जाणार आहे?

पेन्शनच्या ऑफिसात मी तिला सोबत नेलं. तिथली बाई म्हणाली, "आजी, तुमच्यामागे हिला जन्मभर पेन्शन मिळू शकते. पण ही तुमची मुलगी, याला कागद काय?"

"ही काय समोर बसलीय."

"इथं बसून काय उपयोग? कागदावर बसायला पाहिजे."

डॉक्टरचा दाखला, आधार आणि धाकटीचं प्रतिज्ञापत्र आणायला सांगितलं. ही माझी सख्खी बहीण, हिचं लग्न झालेलं नाही, असं धाकटीने लिहून द्यायचं. हे माझ्या जिवंतपणी झालं नाही तर मी गेले की पेन्शन बंद, आणि हिला कोण जेवायला घालणार? माझ्या छातीचं दुखणं जुनं आहे.

दाखल्यासाठी उल्हासनगरला सरकारी दवाखान्यात गेलो. डॉक्टरने तिला विचारलं, "आज वार कोणता?"

"भूक लागली," ती म्हणाली.

दाखला मिळाला. आधारच्या मशीनवर ती मूठ उघडेना. काउंटरवरचा सिंधी माणूस म्हणाला, "माँजी, इसको बोलो, हाथ नहीं काटेंगे." मी एकेक बोट सोडवलं. तेही झालं.

मग धाकटीला बदलापूरहून बोलावलं. ती आली, ताईसाठी खारी घेऊन आली, तिचं तोंडही पुसलं. कागद वाचला आणि बाजूला ठेवला.

"आई, दिवाळीनंतर करते ना सही."

"दिवाळीला मी असेन का, ते विचारून आलीस?"

"तुझं आपलं काहीतरीच. अगं, पोरीसाठी चिखलोलीचं स्थळ आलंय. इंजिनियर आहे मुलगा. आजकाल लोक सगळी चौकशी करतात. सख्खी मावशी अशी, हे कळलं तर?"

"तुझ्या नवऱ्याला माहीत आहे ना?"

"त्याला आहे. सासूला अजून नाही."

मी म्हटलं, "सही कर. नाहीतर ते लोक येतील त्या दिवशी हिला नवी साडी नेसवते आणि तुझ्या सोफ्यावर आणून बसवते."

"तू नाही करणार असं."

"बघच तू."

ती मला ओळखते. दुसऱ्या दिवशी स्टेशनजवळच्या वकिलाकडे तिने सही केली. बाहेर आल्यावर म्हणाली, "बाबांनी माझ्यासाठी हिचं वाटोळं केलं. आता तू हिच्यासाठी माझ्या पोरीचं कर." रिक्षात बसली आणि गेली. थोरली तिच्यामागे हात हलवत राहिली.

कागद फाईलला लावून मी पुन्हा ऑफिसात गेले. बाईने एकेक तपासला, मान हलवली. मग शेवटच्या पानावर बोट ठेवलं. "इथं पालकाचं नाव. हिला व्यवहार कळत नाही, म्हणजे तुमच्यामागे पैसे कुणाच्या हाती द्यायचे? दरवर्षी हयातीच्या दाखल्याला हिला कोण आणणार?"

"हिची बहीण."

"मग इथं त्यांची सही आणा."

दुसरं आहे कोण माझ्याकडे? फाईल घेऊन परत आले. तेव्हापासून धाकटीला रोज फोन लावते. रिंग वाजते आणि कट होते. थोरलीला तो खेळ वाटतो. तीही कानाला हात लावून हॅलो हॅलो करते. मी तिला गप्प बसवते आणि पुन्हा लावते.