तळ्यात गेलेल्या हाबुलला वर आणताना

"क्षीरोददा, माझा हाबुल तुम्ही पाण्याखाली नेलात! आता परत आणा!"

कलकत्त्यात बेहालाच्या आमच्या गल्लीत, तळ्याच्या पायरीवर उभी राहून शेफाली ओरडत होती. मुलांच्या गोष्टी लिहिणारे क्षीरोद लाहिडी एवढे शब्दांचे धनी, पण चपला हातात धरून एवढंच म्हणाले,

"वहिनी, ती गोष्ट होती हो."

"गोष्टीत बुडवायला दुसऱ्याचंच पोर बरं सापडलं!"

क्षीरोदबाबू निपुत्रिक होते. लागायचं तिथे लागलंच.

इकडे पोराचं शाळेतलं नाव वेगळं, घरात हाक मारायचं वेगळं, आणि घरातलं नाव घरातच ठेवायचं असतं. क्षीरोदबाबूंनी मात्र मुलांच्या दुर्गापूजेच्या अंकात माशांच्या राज्यात जाणारा मुलगा लिहिला आणि मायेने त्याला शेजारच्या पोराचं ते घरातलं नाव दिलं. अंक हातात घेऊन हाबुल गल्लीभर मिरवला. देवीच्या विसर्जनाआधीच तो खरोखर तळ्यात बुडून गेला.

ताडावरची भुतं, बोलके कावळे, क्षीरोदबाबूंचं सगळं लिहिणं सुटलं. दिवसा कचेरी आणि उरलेल्या वेळात एकच काम, गोष्टीतल्या हाबुलला घरी आणायचं. पण संपादक भवतोषबाबू गोष्टीचं शेवटचं पानच तेवढं वाचत. हाबुल वर आलेला दिसला की कात्री.

"पोरगं घरी आलं तर पुढच्या पूजेला अंक कोण घेईल? बुडवा परत."

हे ऐकून माणूस जेवेल कसा? ताट तसंच राही. हाबुल घरी आल्याचं तोंडी सांगून बघितलं, तर शेफाली म्हणाली, "छापून गेलाय, छापूनच यायला हवा." दर पूजेला ती अंक कुणाकडून वाचून घेई आणि विचारी, "आला?"

"पुढच्या वर्षी, वहिनी."

पुढे शेफालीने अंथरूण धरलं. क्षीरोदबाबूंना तर चार पायऱ्या चढल्या की धाप लागे. कागद फाडत, भिंतीवर डोकं टेकून ते बायकोला म्हणाले, "हिरण, ती तशीच जाणार. मीही."

हिरण तांदूळ निवडत होती. "अहो, तुमचा भवतोष पहिलं पान वाचतो का कधी?"

क्षीरोदबाबूंनी फाडलेले कागद बाजूला सारले. मग नवीन कागद घेतला. पहिल्याच पानावर हाबुल ओल्या अंगाने पायऱ्या चढून आला. आई ओरडली, "इतका वेळ? भात गार झाला!" मग तिच्या मांडीवर डोकं ठेवून तो पाण्याखालच्या गमती सांगू लागला, त्या थेट शेवटच्या पानापर्यंत.

पूजेचा अंक निघाला तेव्हा क्षीरोदबाबू नव्हते. पहिलं पान शेफालीने तीनदा वाचून घेतलं आणि काही विचारलं नाही.

पण ती गोष्ट द्यायला ते स्वतःच गेले होते, आषाढात रथयात्रेच्या सुमारास, नेहमीसारखे छत्री घेऊन ट्रामने. भवतोषबाबूंनी शेवटचं पान काढलं. "वा, अजून पाण्यातच! चहा घ्या." त्यांनी घेतला. परतताना कित्येक वर्षांनी बाजारात थांबून कोळणीकडचे पाबदा मासे हातात घेऊन कल्ले उघडून पाहिले.

"कालचे दिसतात गं."

"कालचे तुम्ही, बाबू! मासे आजचे आहेत."

"बरं, घाल पिशवीत. आणि वर मूठभर कोळंबी टाक."