जजबाईंची शेवटची फाइल

एकाच माणसाबरोबर अकरा वर्षं नोकरी केली की किस्से साठतातच. मी मूळची नागपूरची, मॉन्ट्रियलला एका फेडरल जजबाईंच्या कोर्टात रजिस्ट्रार. आमच्याकडच्या बहुतेक फायली देशाबाहेर पाठवायच्या माणसांच्या. म्हणून बाई प्रत्येक फाइल पानन्पान वाचत, आणि त्यावरून वरच्यांशी त्यांचं कधी पटलं नाही.

एकदा वरून एक साहेब सांगायला आले, फायली जरा पटापट काढा. बाईंनी त्यांना बसवलं, एक जाडजूड फाइल पुढ्यात ठेवली आणि म्हणाल्या, "यातलं कुठलं पान मी वाचू नको, तेवढं सांगा." साहेब कॉफी न पिताच गेले.

एका बर्फाच्या दिवशी सरकारी वकिलाचा फोन. नदीपलीकडच्या लव्हाल उपनगरातले रस्ते बंद आहेत, पुढची तारीख द्या. बाई म्हणाल्या, "त्यांना सांग, मी लव्हालहूनच आलेय. बूट हीटरपाशी वाळतायत." तासाभरात वकील हजर!

ऑन्टॅरियोतल्या केंब्रिजचे एक काका, कार प्लांटमध्ये कामाला. भाचा केस जिंकला म्हणून पेढ्यांचा बॉक्स घेऊन थेट कोर्टात! निकाल लागलाय, आता कसली लाच, असं त्यांचं म्हणणं. बाईंनी पेढा घेतला नाहीच. पण त्याच सरकारी वकिलाला म्हणाल्या, "तुम्ही घ्या. हरलेल्याला कोण लाच देतं?" त्याने दोन खाल्ले.

इथे जजला पंचाहत्तरीला घरी बसावंच लागतं. बाईंच्या शेवटच्या दिवशी, शुक्रवारी, चारला निरोप समारंभ होता, आणि तीनला सायलीची फाइल आली. नाशिकची विद्यार्थिनी. कॉलेजने एक कागद उशिरा पाठवला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळच्या विमानाने हिची रवानगी. वरून निरोप आला, राहू द्या, सोमवारी दुसरे जज बघतील.

"सोमवारी ही कुठे असेल?" बाईंनी विचारलं.

"मुंबईत," सरकारी वकील म्हणाला.

"मग बसा."

साडेचारला पुन्हा बोलावणं, भाषणं खोळंबलीत. मला बाईंचा अभिमान वाटत होता. त्या मान वर न करता म्हणाल्या, "सांग त्यांना, आज दिवसभर मी जज आहे."

सहाला त्यांनी रवानगीला स्टे दिला. कोर्टात बसलेल्या सायलीला काही सुधरेना. मला मराठीत म्हणाली, "ताई, बॅग पॅक करून दाराशी ठेवलीय. तिचं काय करू?"

ती काय म्हणते, बाईंनी मला विचारलं. मी सांगितलं.

बाईंनी पेनाला टोपण लावलं. "तिला म्हणावं, घरी जा आणि कपडे कपाटात लाव."